परवाना डॉक्टरांचा, जागा सिस्टरांची: कॅलिफोर्नियातील एका मेडिकल स्पाचे प्रकरण

हे प्रकरण कॅलिफोर्निया राज्यातील आहे. शहर, नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मुख्य नर्सना पुढे ‘सिस्टर’ म्हटले आहे. अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचे नियम राज्याराज्यांत बदलतात, त्यामुळे इथला मार्ग न्यूयॉर्क किंवा टेक्ससमध्ये तसाच उचलून चालणार नाही. नर्सने स्वतःचा मेडिकल स्पा, म्हणजे इंजेक्शन-लेझरसारखे सौंदर्योपचार देणारे केंद्र, काढताना गाडी नेमकी कुठे अडते, ते मात्र या प्रकरणात फार स्वच्छ दिसते.

पार्श्वभूमी

सिस्टर रजिस्टर्ड नर्स आहेत. अनेक वर्षे अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केल्या. नंतर सौंदर्योपचारांचे प्रशिक्षण घेऊन एका त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये अर्धवेळ इंजेक्शने देऊ लागल्या. हात हलका, बोलणे आश्वासक. लोक त्यांचीच वेळ मागून घ्यायचे. बोटॉक्सला भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता २००२ मध्ये मिळाली. तेव्हापासून या कामाला मागणी वाढतच गेली आहे, आणि प्रत्यक्ष सुई बऱ्याचदा नर्सच्याच हातात असते. ‘काम आपण करतो, मग जागाही आपली का नसावी?’ हा प्रश्न त्यांना पडला. तो रास्त होता.

त्यांनी एका मैत्रिणीला, तीही रजिस्टर्ड नर्स, सोबत घेतले. इंटरनेटवरून अर्ज भरून एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, स्थापन केली. बाजारपेठेतला गाळा वैयक्तिक हमीवर पाच वर्षांच्या कराराने घेतला. डॉक्टर हवाच असतो हे दोघींना माहीत होते, म्हणून स्पांना ‘मेडिकल डायरेक्टर’, म्हणजे वैद्यकीय जबाबदारी घेणारा डॉक्टर, मिळवून देणाऱ्या एका कंपनीमार्फत एक फिजिशियन गाठले. ते राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहत आणि अशा बऱ्याच स्पांचे डायरेक्टर होते. दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची, आपल्या परवान्यावर औषधे मागवू द्यायची, फोनवर उपलब्ध राहायचे आणि तीन महिन्यांतून एकदा काही केसपेपर पाहायचे, एवढाच करार होता.

बोटॉक्स, फिलर (ओठ-गाल भरीव करणारे इंजेक्शन), शिरेतून जीवनसत्त्वांची सलाइन आणि लेझरने केस काढणे, असे उपचार सुरू झाले. लेझर एक एस्थेटिशियन, म्हणजे त्वचेची वरवरची निगा राखणारी परवानाधारक, चालवायची. शेजारच्या सलूनवाल्यांनी माणूस पाठवला की दरडोई बक्षिसी दिली जायची. वर्षभराच्या उपचारांची आगाऊ पॅकेजेस विकली गेली. पहिल्या वर्षात धंदा चांगला चालला.

अडचण उघडी पडली ती संध्याकाळ

एका शनिवारी संध्याकाळी सिस्टरांनी एका महिलेच्या वरच्या ओठात हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर भरले. काही क्षणांत ओठाचा एक भाग पांढरा पडला, मग त्यावर जांभळट जाळी उमटली. दाबून सोडल्यावर रंग परतायला वेळ लागत होता. फिलर रक्तवाहिनीत गेले की असे होते. रक्तपुरवठा लवकर सुरू झाला नाही तर तिथली त्वचा मरते, आणि चेहऱ्याच्या काही भागांत असे घडले तर दृष्टीही जाऊ शकते.

फिलर विरघळवणारे हायल्युरोनिडेझ फ्रिजमध्ये होते. ते द्यायचा लेखी, सही केलेला आदेश मात्र नव्हता. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला, तो व्हॉइसमेलवर गेला. पुन्हा लावला, तेच. अतिदक्षतेत इतकी वर्षे काढलेल्या बाईला वेळेची किंमत सांगावी लागत नाही. त्यांनी औषध दिले, तासाभराने पुन्हा दिले, आणि ओठाचा रंग परतला. डॉक्टरांचा संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी आला. महिला पूर्ण बरी झाली, व्रणही राहिला नाही.

सिस्टरांनी त्या संध्याकाळी रुग्णासाठी योग्य तेच केले, असे माझे ठाम मत आहे. पण योग्य उपचार करण्यासाठी त्यांना कायद्याने नसलेला अधिकार वापरावा लागला, आणि ही वेळ त्यांच्यावर त्यांच्याच स्पाच्या रचनेने आणली होती.

दोन आठवड्यांनी त्या महिलेने आपला केसपेपर मागितला. तक्रार नव्हती, तिला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती: पहिल्या इंजेक्शनआधी मला कोणी तपासले? कागदावर डॉक्टरांच्या रकान्यात आधीच छापलेली सही होती. तपासणी झालीच नव्हती.

त्याच महिन्यात व्यावसायिक विम्याच्या नूतनीकरणाचा अर्ज आला. संस्थेची मालकी कोणाकडे, डॉक्टरांचा हिस्सा किती, पहिली तपासणी कोण करते, असे प्रश्न त्यात होते. खरी उत्तरे लिहिली तर विमा मिळेल का, याची शंका होती. खोटी लिहिली तर दाव्याच्या वेळी तो उपयोगी पडणार नव्हता. इथे सिस्टरांनी पहिला महत्त्वाचा निर्णय घेतला: अर्ज बाजूला ठेवला आणि आरोग्य कायद्याचे काम करणाऱ्या वकिलांची वेळ घेतली.

वकिलांनी दाखवलेली भोके

पहिले भोक मालकीचे. कॅलिफोर्नियात वैद्यकीय परवाना नसलेली व्यक्ती किंवा सर्वसाधारण कंपनी वैद्यकीय व्यवसायाची मालक असू शकत नाही. बोटॉक्स, फिलर, लेझर हे सगळे राज्याच्या दृष्टीने वैद्यकीय उपचारच आहेत, स्पातले गालिचे आणि मेणबत्त्या काहीही सांगोत. नर्सचा परवाना हा नर्सिंगचा परवाना, त्याने वैद्यकीय व्यवसायाची पूर्ण मालकी मिळत नाही. त्यात परवान्यावर चालणाऱ्या व्यावसायिक सेवा एलएलसीतून देण्यालाच राज्यात मनाई आहे. म्हणजे निवडलेला साचा दोन्ही बाजूंनी चुकला होता. पगारी मेडिकल डायरेक्टर नेमून हे झाकता येत नाही. बिगर-डॉक्टर मालकीच्या स्पाला नाव देणारा डॉक्टर बेकायदा वैद्यकीय व्यवसायाला मदत करतो, अशी डॉक्टरांचे परवाने पाहणाऱ्या राज्याच्या मेडिकल बोर्डाची भूमिका आहे. ऐच्छिक सौंदर्योपचार देणाऱ्या अशा संस्थांसाठी राज्याच्या व्यवसायविषयक संहितेत, म्हणजे बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडमध्ये, वेगळे कलम, २४१७.५, आहे. त्यात तुरुंगवास आणि १२ लाख डॉलरपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे.

दुसरे भोक तपासणीचे. औषध लिहून देण्याआधी रुग्णाची योग्य तपासणी व्हायला हवी. ती डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर (पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, औषधे लिहून देऊ शकणारी नर्स) किंवा फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या हाताखाली उपचार करणारा परवानाधारक) करू शकतात, व्हिडिओवरूनही करू शकतात. रजिस्टर्ड नर्स करू शकत नाही. त्यानंतर नर्सने काय करायचे, गुंतागुंत झाली तर कोणते औषध कितपत द्यायचे, हे लेखी आणि मंजूर कार्यपद्धतीत असावे लागते. तो कागद असता, तर शनिवारी हायल्युरोनिडेझ देताना सिस्टरांना फोनची वाट पाहावी लागली नसती.

बाकीची भोके लहान, पण अंगाशी येणारी होती. एस्थेटिशियनला लेझर चालवता येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नर्सला येते, पण ती जबाबदारी नर्स पुढे दुसऱ्या कोणावर सोपवू शकत नाही. सलूनला दिलेली दरडोई बक्षिसी म्हणजे रुग्ण पाठवण्याचा मोबदला, आणि त्याच संहितेचे कलम ६५० त्याला मनाई करते. मदतीला येणाऱ्या तिसऱ्या नर्सला कंत्राटी दाखवले होते. कंत्राटी कोणाला म्हणता येईल हे ठरवणाऱ्या, २०२० पासून लागू झालेल्या एबी ५ कायद्याच्या सवलतीत डॉक्टर येतात, नर्स येत नाहीत, त्यामुळे ती बहुधा कर्मचारीच ठरली असती. जाहिरातीतले आधीचे-नंतरचे फोटो वेगवेगळ्या प्रकाशात काढले होते. कायद्याला तुलना करता येईल असे फोटो हवेत, आणि प्रत्येकाला असाच परिणाम मिळेल असे नाही, हे सोबत लिहायला हवे.

भागीदार नर्सला हे ऐकून धक्का बसला. ‘आजूबाजूला सगळे असेच चालवतात,’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असू शकते, पण मेडिकल बोर्डाचा तपासनीस दारात आला तर शेजारच्या स्पाचा दाखला देऊन सुटका होत नाही.

पर्याय

आहे त्याच डॉक्टरांना महिन्यातून दोनदा यायला सांगणे, हा सर्वांत स्वस्त पर्याय होता. त्याने तपासणीचा प्रश्न थोडा सुटला असता, मालकीचा मुळीच नाही. भागीदार नर्सचा कल याच बाजूला होता.

गाळा बंद करून पुन्हा कोणाच्या तरी क्लिनिकमध्ये नोकरी करणे हा दुसरा. सुरक्षित, पण भाडेकरारावरची वैयक्तिक हमी आणि विकलेली पॅकेजेस मानगुटीवर राहणार होती.

तिसरा पर्याय लांबचा. सिस्टरांनी शिकून नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या एबी ८९० कायद्याने कॅलिफोर्नियात नर्स प्रॅक्टिशनरना ठरावीक अटींवर डॉक्टरांच्या देखरेखीविना काम करण्याची वाट मोकळी केली. त्यात आधी तीन वर्षे किंवा ४,६०० तासांचा अनुभव, मग ‘१०३’ वर्गात डॉक्टर असलेल्या संस्थेत तीन वर्षे, आणि त्यानंतर ‘१०४’ वर्गात स्वतंत्र व्यवसाय. १०३ वर्ग २०२३ मध्ये सुरू झाला, म्हणून १०४ ची सुरुवात २०२६ मध्ये. पदव्युत्तर शिक्षण धरले तर सिस्टरांसाठी हे बऱ्याच वर्षांचे काम होते. पण ज्या तरुण नर्सला एक दिवस स्वतःचा व्यवसाय हवा आहे, तिने गाळा पाहण्याआधी या वाटेचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

चौथा पर्याय रचना मुळापासून बदलण्याचा. राज्याच्या कायद्यानुसार प्रोफेशनल मेडिकल कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे वैद्यकीय व्यवसायासाठीच्या खास कंपनीत, किमान ५१ टक्के शेअर डॉक्टरांकडे हवेत, आणि उरलेल्या ४९ टक्क्यांपर्यंत रजिस्टर्ड नर्ससह काही परवानाधारक घेऊ शकतात. अशा भागधारकांची संख्या मात्र डॉक्टर भागधारकांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे एक डॉक्टर असेल तर एकच नर्स. शेजारी एक वेगळी व्यवस्थापन कंपनी, ज्याला तिकडे एमएसओ म्हणतात, ती पूर्णपणे नर्सच्या मालकीची असू शकते. गाळा, यंत्रे, नाममुद्रा, जाहिरात, हिशेब, रिसेप्शन हे सगळे त्या कंपनीकडे. उपचार, केसपेपर, वैद्यकीय कर्मचारी कोण ठेवायचे, कोणती औषधे आणि उपकरणे वापरायची, रुग्णाला किती वेळ द्यायचा, हे सगळे कॉर्पोरेशनकडे. व्यवस्थापन कंपनी त्या सेवांसाठी कॉर्पोरेशनकडून शुल्क घेते. कॅलिफोर्नियात हे शुल्क उत्पन्नाच्या टक्केवारीतही ठरवता येते, मात्र ते दिलेल्या सेवेच्या खऱ्या मोलाला धरून असले पाहिजे. न्यूयॉर्कसारख्या राज्यात टक्केवारीचाच आधार घेतला तर अडचण येते.

काय केले

सिस्टरांनी चौथा पर्याय निवडला. भागीदारी त्याच टप्प्यावर संपली. एकच नर्स भागधारक होऊ शकत होती, आणि भागीदार नर्सना व्यवस्थापन कंपनीतला हिस्साही नको होता. गुंतवलेले पैसे हप्त्यांनी परत करण्याचे ठरले. ही फारकत शांतपणे झाली, यात दोघींचे श्रेय आहे.

नवीन डॉक्टर शोधताना सिस्टरांनी या वेळी कंपनीमार्फत जाणे टाळले. त्याच भागात काम करणाऱ्या आणि फिलरचा स्वतःचा अनुभव असलेल्या एक डॉक्टरबाई मिळाल्या. पहिल्या भेटीत त्यांनी पैशाबद्दल विचारलेच नाही. फ्रिजमधल्या बाटल्या पाहिल्या, औषध कोणत्या वितरकाकडून येते ते विचारले. हा प्रश्न फाजील नव्हता. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे लोक आजारी पडल्याचे उघड झाले होते आणि अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला होता. न्यू मेक्सिकोत एका विनापरवाना स्पामध्ये रक्तातून तयार केलेल्या फेशियलमुळे एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवालही त्याच वर्षीचा.

मग सगळ्यांत कठीण निर्णय आला: बदल होईपर्यंत उपचार चालू ठेवायचे की बंद? भाडे चालू होते, पॅकेज घेतलेले लोक विचारत होते. वकिलांनी स्पष्ट सांगितले की चूक कळल्यावरही ती चालू ठेवली, तर पुढे तिला अजाणतेपणा म्हणता येणार नाही. सिस्टरांनी इंजेक्शने, सलाइन आणि लेझर थांबवले. फक्त एस्थेटिशियनच्या परवान्यात बसणारी त्वचेची वरवरची कामे चालू राहिली. रुग्णालयात जादा पाळ्या घेऊन त्यांनी भाडे भरले.

कॉर्पोरेशन स्थापन झाली, डॉक्टरबाईंकडे ५१ टक्के, सिस्टरांकडे ४९. डॉक्टरांच्या स्वतःच्या नावाऐवजी वेगळ्या नावाने व्यवसाय करायचा म्हणून मेडिकल बोर्डाकडून त्या नावाचा परवाना घेतला. जुन्या एलएलसीचे कागद दुरुस्त करून तिलाच व्यवस्थापन कंपनी केले. विमा नव्याने घेतला. त्यात संस्था, डॉक्टर आणि नर्स तिघांचा आणि प्रत्येक उपचाराचा नावाने उल्लेख होता. सलूनची बक्षिसी बंद झाली. तिसरी नर्स पगारावर आली. जुन्या प्रत्येक रुग्णाची पुढच्या उपचाराआधी नव्याने तपासणी होईल, असे पत्र गेले. काहींनी पैसे परत मागितले, ते दिले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. डॉक्टरबाईंनी जीवनसत्त्वांच्या सलाइनचा उपचार बंद ठेवायला सांगितले. कोणाला खरोखर गरज आहे हे ठरवायची पद्धत नाही, मिश्रण कुठे आणि कसे बनते याची खात्री नाही, आणि तातडीच्या वेळी लागणारे साहित्य पुरेसे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सलाइन हा स्पाचा सर्वांत किफायतशीर उपचार होता. व्यवस्थापन कंपनीच्या मालक म्हणून सिस्टरांना आकडे दिसत होते. त्यांनी वकिलांना विचारले, मी हे बदलू शकते का? उत्तर होते, नाही. ज्या दिवशी व्यवस्थापन कंपनी असा निर्णय फिरवेल, त्या दिवशी ५१ टक्के फक्त कागदावरचे ठरतील, आणि आपण पुन्हा आधीच्याच जागी येऊ.

सिस्टरांनी मान्य केले. नाराजीने, पण केले. टेक्ससमध्ये २०२३ साली एका स्पातील सलाइननंतर एका महिलेचा मृत्यू झाला होता आणि पुढे तिथल्या विधिमंडळाने ऐच्छिक सलाइनसाठी वेगळा कायदा केला. ते डॉक्टरबाईंनी त्यांना वाचायला दिले. आकड्यांनी जे पटले नव्हते, ते त्याने पटले.

निष्पत्ती

स्पा नव्या रचनेत चालू आहे. सलाइन अजून बंद आहे. लेझर आता नर्स चालवते. डॉक्टरबाई आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतात, नव्या रुग्णांची तपासणी त्या दिवशी किंवा व्हिडिओवर करतात. रक्तवाहिनी अडल्यास काय करायचे त्याचा सही केलेला कागद उपचाराच्या खोलीत भिंतीवर आहे, हायल्युरोनिडेझचा साठा वाढवला आहे, आणि डॉक्टरबाई उपलब्ध नसतील त्या दिवशी फिलर दिले जात नाही.

त्या महिलेने दावा केला नाही. तिला खरी परिस्थिती सांगण्यात आली, आणि ती पुन्हा आली. बोर्डाकडे तक्रार गेली नाही. उत्पन्न मात्र पहिल्या वर्षापेक्षा कमी आहे. दोन कंपन्यांचे हिशेब, डॉक्टरांचा हिस्सा, पगार आणि विमा हे सगळे त्यातूनच जाते. सिस्टर अजूनही रुग्णालयात काही पाळ्या करतात.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. वकील, डॉक्टर, विमा, आणि सर्वांत शेवटी गाळा. भाडेकरार आधी झाल्यामुळे पुढचा प्रत्येक निर्णय दर महिन्याच्या एक तारखेच्या दडपणाखाली घेतला गेला. वैयक्तिक हमीऐवजी जास्त अनामत आणि छोटी मुदत मागता आली असती. वर्षभराची पॅकेजेस विकणे हेही घाईचे ठरले. हातात आलेले पैसे उत्पन्न वाटले, प्रत्यक्षात ते देणे होते, आणि उपचार थांबवल्यावर ते लगेच जाणवले.

डॉक्टर निवडताना विचारायचे प्रश्न साधे आहेत. तुम्ही आणखी किती स्पांचे डायरेक्टर आहात? हे उपचार स्वतः केले आहेत का? शनिवारी संध्याकाळी फोन कोण उचलेल? आधीच्या डॉक्टरांना यातला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, कारण स्वाक्षरी मिळाली की काम झाले असे वाटले होते. सिस्टरांची यात फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही, पण डायरेक्टर मिळवून देणारी कंपनी मालकीच्या नियमाबद्दल गप्प राहिली, याचा राग येतो. नर्सच्या परवान्यावर जोखीम होती, कंपनीच्या शुल्कावर नव्हती.

भागीदार नर्सबरोबर लेखी करार नव्हता. तो असता तर पैसे परत करण्याची बोलणी महिनाभर लांबली नसती.

एक प्रश्न अजून मिटलेला नाही. डॉक्टरबाई निवृत्तीच्या वयाकडे आल्या आहेत. परवाना गेला तर त्यांचे शेअर ९० दिवसांत आणि मृत्यू झाला तर सहा महिन्यांत दुसऱ्या पात्र व्यक्तीकडे गेले पाहिजेत, असा कायदा आहे. भागधारक करारात किंमत ठरवण्याची पद्धत लिहिली आहे, पण ते शेअर घेणारे डॉक्टर अजून सापडलेले नाहीत. सध्या दोघी मिळून एका तरुण डॉक्टरांशी बोलत आहेत. ते महिन्यातून दोन दिवस येऊन काम पाहतात, आणि दोन टक्के शेअरपासून सुरुवात करावी का, यावर वकिलांचे उत्तर यायचे आहे.